पाणी की पानी?

जबलपूरजवळ नर्मदेवर तिलवारा घाट आहे. तिथून फार दूर नसलेलं तेवर हे खेडं म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात इथल्या युवराजदेवाच्या दरबाराशी राजशेखर हा कवी जोडलेला होता. त्याचा पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून ओळखला जाई. संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ मात्र अथपासून इतिपर्यंत प्राकृतात रचली आणि प्रस्तावनेतच संस्कृतला कठोर, प्राकृतला सुकुमार ठरवलं. हा निवाडा आपल्या ‘शुद्ध’ या शब्दाची झडती घ्यायला भाग पाडतो. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो. ‘पानीय’चं ‘पाणी’ झालं ते याच वाटेने. आज मराठी वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला अशुद्ध बोलतो म्हणून गप्प केलं जातं. पण ज्या ‘ण’साठी हा अपमान होतो, तोच संस्कृत वैयाकरणांच्या लेखी भ्रष्ट उच्चार होता.

राजशेखराचं प्राकृत नियमबद्ध होतं, गावची बोली नव्हे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि माझ्याच बाजूचा आहे: प्राकृताला स्वतःचे नियम होते, म्हणून त्याची शुद्धता संस्कृतच्या मापाने मोजता येत नव्हती. वऱ्हाडी, अहिराणी यांचेही नियम आहेत. ते कोणी सूत्रात बांधले नाहीत म्हणून ते नाहीसे होत नाहीत. दुसरा आक्षेप परंपरेचा: साधू, म्हणजे शुद्ध, शब्दाने पुण्य लागतं, असं वैयाकरण पतंजलीच सांगतो. पण तोच ‘यर्वाण-तर्वाण’ ऋषींचीही गोष्ट सांगतो. ‘यद्वा नः, तद्वा नः’ हे शब्द ते रोजच्या बोलण्यात ‘यर्वाण, तर्वाण’ असे मोडून उच्चारत, यज्ञात मात्र नीट म्हणत. घरातल्या बोलण्याचा दोष त्यांना लागला नाही. आपण यज्ञाचा नियम ओसरीवर आणून बसवला.

लेखनाला एकच नियम हवा, यात मला शंका नाही. कायदा आणि पाठ्यपुस्तकं त्यावर चालतात. पण तो नियम संकेत असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. कालचं शुद्ध त्या दिवशी अशुद्ध झालं, आणि बोलणाऱ्या एकाही माणसाची जीभ बदलली नाही. म्हणून वहीतल्या चुकीवर लाल रेघ जरूर ओढावी. मुलाच्या ‘पानी’वर ती ओढण्याचा अधिकार शिक्षकाला कोणत्याही व्याकरणाने दिलेला नाही.