पादविकार व पादचिकित्सा (महू परिसर)

पाऊल, घोटा आणि त्यांना आधार व गती देणारे अस्थिबंध, कंडरा, मज्जातंतू, त्वचा व नखे यांच्या व्याधींना पादविकार म्हणतात. त्यांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांचा विचार करणारी वैद्यकशाखा ती पादचिकित्सा. ब्रिटन, अमेरिका इत्यादी देशांत या शाखेचे स्वतंत्र शिक्षण व स्वतंत्र व्यवसाय असला, तरी भारतात हे काम मुख्यतः अस्थिशल्यज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यात विभागलेले आहे.

रचना : एका पावलात २६ अस्थी असतात, त्यांपैकी ७ टाचेच्या व घोट्याखालच्या भागात, ५ चवड्यात आणि १४ बोटांत असतात. पावलाच्या आतील बाजूची कमान, टाचेपासून चवड्यापर्यंत ताणलेला तळपायाचा तंतुमय पट्टा आणि पोटरीची कंडरा यांच्या परस्परसहकार्याने देहाचा भार वाटला जातो. धावताना हा भार देहाच्या वजनाच्या दुपटीतिपटीपर्यंत जात असल्यामुळे, भारवाटणीतील लहानसा दोषही दीर्घकाळाने मोठ्या व्याधीस कारण होऊ शकतो.

महूचे स्थान : इंदूरच्या नैर्ऋत्येस माळव्याच्या पठारावर वसलेले महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, ही मूळची लष्करी छावणी होय. ६ जानेवारी १८१८ रोजी होळकर व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात मंदसोरचा तह झाल्यानंतर सर जॉन माल्कम यांनी ती वसविली. ब्रिटिश भारतीय सैन्यातील सुभेदार रामजी सकपाळ यांचे येथे वास्तव्य असताना १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. इन्फन्ट्री स्कूलसारख्या संस्थांमुळे पायदळाच्या तालमीशी या गावाचा निकटचा संबंध आहे. कवाईत करणारा शिपाई, पावसाळ्यात काळ्या चिखलात राबणारा शेतकरी आणि तासन्‌तास उभा राहणारा बाजारपेठेतील दुकानदार, या तिघांच्या पावलांवर पडणारा भार भिन्न प्रकारचा असल्याने त्यांचे विकारही बहुधा भिन्न असतात.

भार व आघात यांचे विकार : सरावाचा भार हळूहळू न वाढविता नव्या भरतीच्या जवानाकडून एकाएकी दीर्घ कूच करवून घेतली, तर चवड्याच्या अस्थीस, विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या अस्थीस, पडझडीवाचूनच सूक्ष्म भंग होतो. प्रशियाच्या फौजेतील शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्ये सैनिकांच्या पायांच्या या सुजेचे वर्णन केले. ती अस्थिभंगामुळे येते, हे १८९७ मध्ये क्ष-किरणचित्रांवरून उघड झाले. आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरणचित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून हाडावर नेमके बोट ठेवताच दुखत असेल, तर ती तक्रार कामचुकारपणा समजून धुडकावू नये. सुमारे सहा ते आठ आठवडे भार कमी करणे आणि त्यानंतर क्रमाक्रमाने सराव वाढविणे हा त्याचा मुख्य उपचार होय.

घोटा मुरगळल्यास बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. पाय उंच ठेवणे, बर्फाचा शेक, दाबपट्टी आणि वेदना सोसेल तशी लवकर हालचाल यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. ताज्या दुखापतीवर जोराने चोळणे टाळावे. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर दाबताच वेदना होत असेल, तर क्ष-किरणचित्र काढावे. सकाळी अंथरुणातून उठताच पहिल्या पावलाला टाच ठणकणे हे तळपायाच्या पट्ट्याच्या विकाराचे ठळक लक्षण आहे. पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची पादत्राणे आणि वजनाचे नियंत्रण यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो, व शस्त्रक्रियेची गरज क्वचितच भासते.

त्वचा व नखे यांचे विकार : सततच्या घर्षणाने घट्टे व कुरूप होतात. पादचिकित्सक त्यांचा कठीण थर तासतात खरा, परंतु जोडा बदलून दाब हटविल्याखेरीज ते पुन्हा उद्‌भवतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांत बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. पाय कोरडे ठेवणे व बुरशीनाशक मलम नेमाने लावणे हा त्यावर उपाय. टाचांच्या भेगांना युरियायुक्त मलम उपयोगी पडते. मांसात शिरलेले नख कोपरे न कोरता सरळ कापावे, आणि वारंवार त्रास झाल्यास नखाची कडा काढून तिच्या मुळाशी फिनॉल लावण्याची लहान शस्त्रक्रिया करावी.

अनवाणी चालताना काटा रुतून मातीतील बुरशी किंवा जंतू आत शिरल्यास मदुरापाद नावाचा चिवट रोग जडतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, ज्यांनी ग्रे यांच्या विख्यात शरीररचनाग्रंथाची चित्रे काढली होती, यांनी या रोगाचा सखोल अभ्यास करून १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

संवेदनाहीन पाऊल : मधुमेह किंवा कुष्ठरोग यांत मज्जातंतू निकामी झाले की वेदना नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर पावलाचे नैसर्गिक रक्षणही नाहीसे होते. वेल्लोर येथे कार्य केलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांच्या तळपायाचे व्रण रोगाने मांस कुजल्यामुळे नव्हे, तर न जाणवणाऱ्या पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबामुळे होतात. आजच्या मधुमेही पावलाच्या चिकित्सेचा पाया हाच होय. १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासणे, पावलातील नाडी पाहणे, व्रणावरील मृत भाग काढणे, संसर्ग असल्यास प्रतिजैविक देणे आणि प्लास्टरचा विशेष साचा वा खास जोडा देऊन दाब हटविणे, हे तिचे मुख्य टप्पे आहेत. केवळ मलमपट्टी करून रुग्णास त्याच पावलावर चालू दिल्यास व्रण भरत नाही, आणि अखेरीस अवयवच्छेदाचा प्रसंग ओढवू शकतो.

प्रतिबंध व सोयी : मधुमेही व्यक्तीने रोज तळपाय पाहावेत, अनवाणी चालू नये, गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी त्याची उष्णता कोपराने जोखावी, व घट्टे स्वतः ब्लेडने कापू नयेत. लाली, पू, काळा पडलेला भाग किंवा ताप दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. महूच्या रहिवाशास इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालय जवळचे आहे. तथापि, जेथे जेथे मधुमेहाची तपासणी होते, तेथे रुग्णाचे जोडे-मोजे उतरवून दोन्ही पावले पाहण्याचा शिरस्ता पडणे हीच खरी निकड आहे. कारण अल्प वेळाच्या व अल्प खर्चाच्या या तपासणीने असंख्य पाय वाचू शकतात.