उभा पट्टा, आडवा पट्टा



घर सजवणे हा श्रीमंतांचा विषय आहे, अशी आपली एक समजूत असते. परंतु ज्या घरात एकच खोली आहे, त्या घरातही पाहुणा आला की कोपऱ्यातली गुंडाळी उलगडते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी जमिनीवर पसरते आणि स्वयंपाकाची व निजण्याची तीच खोली घटकाभर दिवाणखाना होते. आपल्याकडच्या बहुतेक घरांची सजावट पिढ्यान् पिढ्या एवढीच होती, आणि ती पट्ट्यांची होती. वेलबुट्टी सोडून पट्टाच का, हा प्रश्न मी आज घेतला आहे. त्याचे उत्तर मागावर सापडते.

पट्टेरी कापड आपल्याकडे फार जुने. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पट्ट्यांची वस्त्रे नेसलेली माणसे आजही दिसतात. 'सतरंजी' हा शब्द मात्र शतरंजावरून, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरून आला; आणि शतरंजाचे मूळ आपल्याच 'चतुरंगा'त आहे. नाव चौकटीचे पडले, पण घरोघर पसरली ती पट्ट्यांची.

कारण सोपे आहे. सतरंजीत ताणा सुताचा असतो आणि त्यावर जाड रंगीत बाणा घालून पंज्याने तो इतका घट्ट ठोकतात की ताणा दिसेनासा होतो. दिसतो तो फक्त बाणा. म्हणून बाण्याचा रंग बदलला की पट्टा तयार झाला. फूल काढायचे तर त्याच ओळीत प्रत्येक रंगाचे सूत वेगळे घेऊन, जागोजाग थांबून हाताने गुंतवावे लागते, आणि दिवसाचे काम आठवड्यावर जाते. पट्टा ही गरिबाला परवडणारी नक्षी आहे, कारण तिला विणकराचा वेळ कमी लागतो.

आता गादीचे पट्टेरी कापड आठवून पाहा. तिथे पट्टा लांबीच्या दिशेने धावतो. तो ताण्यात असतो. ताणा भरतानाच रंगीत सूत क्रमाने लावले की पुढे एकाच धोट्याने शेकडो वार तेच कापड निघत राहते. आडव्या पट्ट्याला रंगागणिक धोटा बदलावा लागतो, त्यासाठी मागाला जास्तीची यंत्रणा लागते आणि वेग घटतो. म्हणून गिरणीला उभा पट्टा प्रिय.

ह्यात केवळ तंत्राचा फरक नाही. आडव्या पट्ट्यात पुढची रेघ कोणत्या रंगाची आणि किती रुंद, हे विणकराच्या हातात असते. उभ्या पट्ट्यात हे सारे तो मागावर येण्यापूर्वीच दुसऱ्या कोणी ठरवलेले असते; त्याच्याकडे उरते राखण. आणि राखणच करायची, तर एकाने अधिक माग का राखू नयेत, असे मालकाला वाटू लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सुमारे सहा महिने जो संप लढवला, त्याच्या मुळाशी एका माणसाने अधिक माग सांभाळावेत हीच सक्ती होती.

मग आडव्या पट्ट्याचा विणकर सुखी होता काय? तसेही नाही. इंग्रजी अमदानीत सतरंज्या आणि गालिचे विणण्याचे काम तुरुंगात गेले. आग्रा, लाहोर, येरवडा येथील तुरुंगांचा माल नावाजला गेला. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनाचा अवाढव्य गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी विणला आहे. सरकारला कौतुक वाटले. बाहेरच्या कारागिराला काय वाटले असेल? ज्याला मजुरीच द्यावी लागत नाही, त्याच्या भावाशी बायकामुले पोसणाऱ्याने स्पर्धा कशी करावी? जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात जन्मलेला आणि मुंबईच्या संग्रहालयाचे काम पाहिलेला इंग्रज. त्याने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तुरुंगातील ह्या उत्पादनाने मूळ कारागिरी बिघडवली अशी टीका केली. दोष कैद्याचा नव्हता. त्याच्या फुकट श्रमाने बाहेरच्या श्रमाचे मोल पाडले, हे दुखणे होते.

स्वातंत्र्यानंतर तुरुंगाची जागा यंत्रमागाने घेतली. हातमागाच्या रक्षणासाठी १९८५ साली संसदेने कायदा करून काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली कायदा वैध ठरवला. आरंभी बावीस प्रकार राखीव होते, १९९६ साली ते अकरावर आले. सतरंजी त्या अकरांत टिकली. तामिळनाडूत भवानी गावची पट्ट्यांची सतरंजी, जिला तिकडे 'जमक्काळम' म्हणतात, तिला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. विलायती कापडाने धंदा बुडू लागला तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथल्या जंगम विणकरांनी हा जाड, रंगीत माल काढून तग धरला होता. परंतु मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते. विणकराची मजुरी ते ठरवत नाही. ती ठरते दुकानात, आपण किती घासाघीस करतो त्यावर, आणि विणकर संघटित आहेत की एकेकटे, त्यावर.

आपल्याकडे निष्ठावंत कार्यकर्त्याला 'सतरंज्या उचलणारा' म्हणतात. मीही पुष्कळ उचलल्या आहेत. सभा संपली की सतरंजी झटकून गुंडाळायची, एवढाच तिच्याशी आपला संबंध येतो. एकदा ती उलटून पाहा. दोन्ही बाजू सारख्याच दिसतील. लपवायला तिच्यात मागची बाजूच नाही. मग दुकानदाराला भाव विचाराल, तेव्हा विणणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले, हेही विचारा. पुष्कळदा त्याला सांगता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी त्याला उत्तर शोधून ठेवावे लागेल.