उरलेल्या फुप्फुसाचा इतिहास

१/११
५ एप्रिल १९३३. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या बार्न्स रुग्णालयात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका ४८ वर्षीय रुग्णाची छाती उघडली. एकच खंड काढण्याचा बेत होता. पण गाठ मुख्य श्वासनलिकेपर्यंत पोहोचली होती. ग्रॅहम यांनी संपूर्ण डावे फुप्फुस काढले.

२/११
रुग्ण जेम्स गिलमोर स्वतः डॉक्टर होते. एका फुप्फुसावर ते पुढे ३० वर्षे जगले. कर्करोगासाठी एकाच टप्प्यात अख्खे फुप्फुस काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. गाठ काढता येते, हे सिद्ध झाले. जे उरेल ते पुरेल का, हा प्रश्न मात्र प्रत्येक रुग्णागणिक नव्याने उभा राहिला.

३/११
कारण साधे आहे. हृदयाच्या उजव्या बाजूचे सारे रक्त फुप्फुसांतून जाते. एक फुप्फुस गेले की तेवढेच रक्त दुसऱ्याला वाहावे लागते. निरोगी रक्तवाहिन्या रुंदावून हा भार पेलतात. जुन्या विकाराने त्या आधीच नष्ट वा अरुंद झाल्या असतील, तर दाब वाढतो आणि हृदय थकते.

४/११
हे आधी कसे कळावे? लंडनचे जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच फुंकर मोजणारे यंत्र, स्पायरोमीटर, जगापुढे मांडले होते. १९४७ मध्ये फ्रान्सच्या तिफनो यांनी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, याकडे लक्ष वेधले. शस्त्रक्रियेपूर्वीचा हिशेब आजही याच एका सेकंदावर उभा आहे.

५/११
दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ उपखंड धरतात. समजा, रुग्ण एका सेकंदात १.९ लिटर हवा सोडतो आणि उजवा खालचा खंड, म्हणजे ५ उपखंड, काढायचा आहे. उरतील १४ उपखंड, म्हणजे अंदाजे १.४ लिटर. हा आकडा त्या वयाच्या निरोगी माणसाच्या अपेक्षित क्षमतेच्या ६० टक्क्यांहून अधिक असेल आणि प्राणवायू रक्तात शोषण्याची क्षमताही तेवढी उरणार असेल, तर फुप्फुसांच्या बाजूने धोका कमी मानतात. त्याखाली जिने चढण्याची वा चालण्याची कसोटी येते.

६/११
आता हा हिशेब परतूरला लावून पाहावा. ग्रॅहम यांनी शस्त्रक्रिया केली तेव्हा हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९८१ मध्ये ते नव्या जालना जिल्ह्यात आले. राजवटी बदलल्या, पण कापूस-तुरीच्या या मुलखात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांची चूल दीर्घकाळ पेटत राहिली. सोबत बिडी आणि क्षयरोगाचे जुने व्रणही होते.

७/११
पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही सीओपीडी हा जुनाट श्वासविकार होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. म्हणजे कर्करोगाचे निदान होते तेव्हा शिल्लक राहणारे फुप्फुसही अनेकदा तोवर झिजलेले असते.

८/११
बिडी-सिगारेटचा धूर हृदयालाही सोडत नाही. अरुंद झालेल्या हृदयधमन्यांना शस्त्रक्रियेचा ताण झेपत नाही. शस्त्रक्रियेनंतर हृदयाची लय बिघडणे ही नित्य आढळणारी गुंतागुंत आहे. सीओपीडीत कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. क्षयाच्या व्रणांनी फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटले असेल, तर ते सोडवतानाच रक्तस्राव होतो.

९/११
म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास कमीत कमी काढण्याकडे सरकला. आधी अख्खे फुप्फुस, मग एक खंड. २०२२ मध्ये जपानमधील चाचणीने दाखवले की, कडेच्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी उपखंड काढणेही पुरते. एक विलक्षण अपवादही आहे: गाठ फुगून निकामी झालेल्या भागातच असेल, तर तो काढल्यावर श्वास सुधारूही शकतो. असा निकामी भाग काढण्याचे तंत्र १९९० च्या दशकात जोएल कूपर यांनी रुजवले, तेही त्याच बार्न्स रुग्णालयात!

१०/११
ग्रॅहम यांचे काय झाले? विद्यार्थी अर्न्स्ट वाइंडर यांच्यासह त्यांनी १९५० मध्ये ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. ते स्वतः दीर्घकाळ सिगारेट ओढत. नंतर त्यांनी ती सोडली. १९५७ मध्ये त्यांना हाच कर्करोग झाला, तोही दोन्ही फुप्फुसांत. त्यांनीच यशस्वी करून दाखवलेली शस्त्रक्रिया त्यांच्या उपयोगी पडली नाही. त्यांचा रुग्ण त्यांच्यामागे सहा वर्षे जगला.

११/११
हृदय-फुप्फुसांचा जुना आजार म्हणजे शस्त्रक्रियेला कायमचा नकार नव्हे. तंबाखू सोडणे, श्वासाचे व्यायाम, इनहेलर आणि हृदयावरील उपचार यांनी पुष्कळांची तयारी करून घेता येते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही, अशांच्या लहान गाठींसाठी नेमका किरणोपचार आहे. पण परतूरच्या स्थानकावरून मुंबईची गाडी धरणाऱ्या रुग्णासाठी निम्मा निकाल गाडीत बसण्यापूर्वीच लागलेला असतो: गावात, चुलीपाशी, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या दम्यात. ज्या खोकल्याला घरचे 'सवयीचा' म्हणतात, त्याची तपासणी होणे हा या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा आहे.