शस्त्राचा हक्क, कामतांची दुरुस्ती आणि हैदराबादच्या रिकाम्या खुर्च्या

आबिड्सकडून बशीरबागेकडे जाताना गनफाउंड्री नावाची वस्ती लागते. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘तोप का सांचा’ हेच नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सरदाराने इथे तोफा ओतायचा कारखाना काढला. १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहाने त्याची फ्रेंच पलटण मोडली आणि तिच्याकडून हत्यारं खाली ठेवून घेतली. हत्यार कोणाच्या हातात असावं आणि ते कोणी ठरवावं, हा प्रश्न आपल्या शहराला तेव्हापासूनचा आहे. दीडशे वर्षांनी तोच प्रश्न दिल्लीत घटना समितीपुढे आला. त्या चर्चेकडे हैदराबादेत बसून पाहिलं तर काय दिसतं, एवढंच या टिपणात मांडायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा हिंदी माणसासाठी गुन्हा ठरला. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. गांधीजी अहिंसेचे, पण १९३० साली त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणीही होती. पुढच्याच वर्षी कराचीला मूलभूत हक्कांचा ठराव झाला. त्यात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य केला गेला.

हा कराचीचा ठराव हाती घेऊन हरि विष्णु कामत घटना समितीत उभे राहिले. कामत मूळचे मंगळूरचे, जन्म १९०७ चा. आय.सी.एस.ची नोकरी १९३८ मध्ये सोडून ते सुभाषबाबूंच्या बाजूला गेले. घटना समितीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडातून आले होते, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या, आपल्या शेजारच्या प्रांतातून. मसुद्याच्या तेराव्या कलमावर, म्हणजे आजच्या एकोणिसाव्या कलमावर, १९४८ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला चर्चा झाली. भाषण, सभा, संघटना, संचार या स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला, अशी त्यांची दुरुस्ती होती. मोकाट सूट त्यांनी मागितली नव्हती. नियम आणि बंधनं राहतीलच, हे त्यांनी सोबत जोडलं होतं.

उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. त्यांचा मुद्दा असा, की काँग्रेसने ते ठराव केले हा इतिहास आहे, तो कोणी नाकारत नाही. पण परक्या सरकारने हत्यारं काढून घेतली ती शांततेसाठी नव्हे, तर जिंकलेल्या लोकांनी उठाव करू नये म्हणून. ते सरकार गेलं, तेव्हा त्या ठरावांमागचं कारणही गेलं. आता प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्य चालायचं कसं? नागरिकाकडून आग्रह धरायचाच तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असंही ते म्हणाले.

दुरुस्ती नामंजूर झाली. इथे नोंदींच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच कामतांनी पुढे ऑक्टोबर १९४९ मध्ये उद्देशिकेच्या आरंभी देवाचं नाव घालावं अशी दुरुस्ती मांडली. त्यावर रीतसर मतं मोजली गेली: बाजूने ४१, विरोधात ६८. शस्त्राच्या हक्कावर मात्र नुसत्या आवाजी होकार-नकारावर निकाल लागला. तेव्हा या प्रश्नावर अमुक नेत्याने कुठे मत दिलं, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला जपून घ्यावं. कामत आणि आंबेडकर कुठे उभे होते ते भाषणांवरून कळतं. बाकीच्या सभासदांचं मत त्या एका आवाजात मिसळून गेलं.

आणि हैदराबादचं मत? ते नव्हतंच. दहा लाख लोकसंख्येमागे एक या हिशेबाने आपल्या संस्थानाच्या वाट्याला सोळा जागा होत्या. त्या चर्चेच्या वेळी एकही भरलेली नव्हती. निजाम भारतात सामील झाला नव्हता, तेव्हा प्रतिनिधी पाठवणार कोण? १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते.

खरं तर या प्रश्नावर त्या वेळी सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आपल्याकडेच होतं. आणि ते एका बाजूचं नव्हतं.

तेलंगणात ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावी दोड्डी कोमरय्या देशमुखाच्या माणसांच्या गोळीने पडला. देशमुखांकडे बंदुका, रयतेच्या हाती काठ्या आणि गोफणी. तिथून सशस्त्र लढा पेटला तो १९५१ पर्यंत चालला. मराठवाड्यात लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनी सरहद्दीवर कॅम्प उभारले, आणि जानेवारी १९४८ च्या अखेरीस उमरीची बँक लुटून चळवळीसाठी पैसा उभा केला. भारताने शस्त्रपुरवठा रोखल्यावर सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून निजामासाठी हत्यारं आणत होता. निःशस्त्र गावावर रझाकारांची टोळी आली म्हणजे काय होतं, हे ज्याने पाहिलं, त्याला कामतांचं म्हणणं पटलं असतं.

पण दुसरी बाजूही बघावी लागते, नाहीतर इतिहास मंडळ म्हणवून घेण्यात अर्थ नाही. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचं शिष्टमंडळ संस्थानात फिरत होतं. म्हणजे दिल्लीत ही चर्चा चालू होती नेमकी तेव्हाच. पोलीस कारवाईच्या सुमारास आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगवले गेले, त्याची ते चौकशी करत होते. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सगळ्यात मोठा तडाखा बसला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. राज्याचा वचक सुटला आणि हत्यार ज्याच्या हाती पडेल त्याचं झालं, की काय होतं ते या अहवालात वाचायला मिळतं. ते वाचून आंबेडकरांची भीती पुस्तकी वाटत नाही.

मग हैदराबादचा माणूस तिथे असता तर कोणत्या बाजूने बोलला असता? माझ्या मते, दोन्ही बाजूंनी, आणि तेच त्याचं खरं योगदान ठरलं असतं. आपल्याकडच्या अनुभवावरून दिसतं ते असं: नुसता हक्क लिहून दुबळ्याच्या हाती बंदूक येत नाही, ती आधी देशमुखाकडे आणि टोळीकडे जाते. आणि हक्क नाकारून दुबळा सुरक्षितही होत नाही, जोवर राज्य त्याच्या मदतीला वेळेवर धावत नाही. आंबेडकरांचा युक्तिवाद बरोबर ठरतो तो एका अटीवर, की हत्यार आपल्याकडे ठेवणाऱ्या राज्याने सगळ्यांचं सारखं रक्षण करावं. ती अट १९४८ साली पुरी झाली नव्हती, रझाकारांच्या काळात नाही आणि नंतरही नाही.

निजामाने नोव्हेंबर १९४९ च्या अखेरीस फर्मान काढून राज्यघटना मान्य केली. तिच्या एकोणिसाव्या कलमात शस्त्राचा उल्लेख आला तो एवढाच, की नागरिकांना शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क आहे. इंग्रजांचा १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण परवान्याची रीत कायम राहिली.

पुढच्या वेळी गनफाउंड्रीवरून गेलात तर कारखान्याचे अवशेष जरूर पाहा. आणि घरात १९४८ पाहिलेलं कोणी वडीलधारं असेल, तर त्यांना एवढं विचारा: त्या वर्षी गावात बंदूक कोणाकडे होती? उत्तर लिहून ठेवा, मग ते आपल्याला सोयीचं असो वा नसो. घटना समितीत आपल्या सोळा खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पण त्या आठवणी लिहून ठेवणं अजून आपल्या हातात आहे.