एकाहून अधिक दवाखान्यांत काम करणाऱ्या फार्मासिस्टसाठी प्रवास भत्ता

तुम्ही केंद्र सरकारच्या सेवेत फार्मासिस्ट आहात आणि तुम्हाला कामासाठी दुसऱ्या दवाखान्यात पाठवले जाते का? मग त्या प्रवासाचा खर्च तुम्ही मागू शकता.

काय मिळते?
दुसरे ठिकाण नेमणुकीच्या ठिकाणापासून 8 किलोमीटरच्या पलीकडे असावे. बसने गेल्यास तिकिटाचे पैसे मिळतात. स्वतःच्या दुचाकीसाठी, परिवहन विभागाने दर ठरवलेला नसेल तेथे, 2017 च्या आदेशाने प्रति किलोमीटर 12 रुपये दर ठरवला आहे. त्या दराने जाऊन-येऊन 40 किलोमीटरचे 480 रुपये होतात. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढल्यावर हा दर 25 टक्क्यांनी वाढतो. म्हणून चालू दर लेखा शाखेत विचारून घ्या.

काय मिळत नाही?
घर ते नेमणुकीचे ठिकाण या रोजच्या प्रवासाचा खर्च.

काय करावे?
- जाण्याचा आदेश लेखी घ्या.
- तारीख, ठिकाणे, अंतर आणि काम यांची नोंद त्याच दिवशी करा.
- प्रवास संपल्यापासून 60 दिवसांच्या आत प्रवास भत्ता देयक सादर करा. मुदत उलटल्यास हक्काचे पैसे बुडू शकतात.

कंत्राटी किंवा राज्य सेवेत असाल तर
हे दर आपोआप लागू होत नाहीत. करारपत्र किंवा राज्याचे नियम पाहा.