स्वर्गाचे राज्य : जाण्याचे की येण्याचे?

एम.ए.च्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराचा भाग आला आणि ख्रिस्ती धर्मात 'स्वर्गाचे राज्य' म्हणून काही कल्पना आहे, एवढे मी ओघात बोलून गेलो. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे राज्य मेल्यावरच भेटते ना?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. परंतु संध्याकाळी राजापेठेच्या चौकातून घरी परतताना तो प्रश्न पुन्हा मनात आला. आमच्या राजापेठेत राजा कोठे आहे, असे कोणी विचारीत नाही. नावातला राजा केव्हाच नावापुरता उरला आहे. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या 'राज्य' या शब्दाचेही मराठीत असेच काही झाले असावे काय? या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम मूळ शब्दाकडे पाहू. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'बासिलेया' हा शब्द येतो. त्यामागे हिब्रू परंपरेतील 'मलखुत' ही कल्पना आहे. या दोन्ही शब्दांचा रोख सीमा आखलेल्या मुलखापेक्षा राजाच्या सत्तेवर, त्याच्या राज्य करण्यावर अधिक आहे. मराठीतही 'राज्य' या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. 'राज्याची सीमा' म्हणताना आपण भूमीविषयी बोलतो आणि 'त्याचे राज्य आले' म्हणताना सत्तेविषयी. येशूच्या बोलण्यात हा दुसरा अर्थ प्रधान आहे. 'स्वर्गाचे' या विशेषणाचेही तसेच. चार शुभवर्तमानांपैकी 'स्वर्गाचे राज्य' हा प्रयोग केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात आढळतो. मार्क आणि लूक त्याच ठिकाणी 'देवाचे राज्य' म्हणतात. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे, की देवाचे नाव सहसा उच्चारू नये या यहुदी संकोचाला अनुसरून मत्तयाने 'देव' या शब्दाऐवजी 'स्वर्ग' हा शब्द वापरला. नवऱ्याचे नाव न घेता 'घरचे' म्हणणाऱ्या आपल्या आजीला हा संकोच समजावून सांगावा लागला नसता. तात्पर्य, 'स्वर्गाचे राज्य' म्हणजे स्वर्ग नावाच्या ठिकाणी असलेले राज्य नव्हे. देवाची सत्ता चालते ती अवस्था.

परंतु मराठी कानाला 'स्वर्ग' हा शब्द कोरा कधीच नव्हता. आपला स्वर्ग इंद्राचा. तेथे अप्सरा आहेत, अमृत आहे आणि मुख्य म्हणजे तेथला मुक्काम पुण्याच्या शिलकीवर अवलंबून आहे. शिलक सरली की पुन्हा मृत्युलोकी यावे लागते. म्हणूनच आमच्या संतांनी स्वर्गाची फारशी मातब्बरी मानली नाही. ख्रिस्ती विचार मराठीत आणणाऱ्या पहिल्या मोठ्या कवीसमोरही ही अडचण उभी होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. त्याने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच योजला. श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरावा, हा त्याचा मार्ग. त्यात भाषेवरचे प्रेम निश्चित आहे. पण वैकुंठ हेही अखेर जाण्याचेच स्थान. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून 'स्वर्गाचे राज्य' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि ख्रिस्ती मराठीत स्थिरावला. शब्दशः भाषांतर म्हणून त्यात चूक नाही. मात्र ऐकणाऱ्याची नजर त्या शब्दाने वर गेली. येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मागणे आहे ते याच्या उलट दिशेचे. 'आम्हाला तुझ्या राज्यात ने' असे ती प्रार्थना म्हणत नाही. ते राज्य इकडे येवो आणि वर जशी देवाची इच्छा चालते तशी पृथ्वीवर चालो, असे ती मागते. राज्याने यायचे आहे, माणसाने जायचे नाही.

हे मागणे ज्या काळी शिकविले गेले त्या काळी ते निरुपद्रवी नव्हते. यहुदिया प्रांत रोमन सत्तेखाली होता, कर रोमला जात होता आणि राजा हा शब्द उच्चारणे म्हणजे सम्राटाला आव्हान देणे होते. येशूच्या क्रुसावर लावलेल्या आरोपपत्रात 'यहुद्यांचा राजा' असेच लिहिलेले होते. सत्तेला तो शब्द नीट कळला होता, असे म्हणावे लागते. आणि तरीही येशूच्या दृष्टांतांत या राज्याची लक्षणे पाहावीत तर तेथे सिंहासन नाही, सैन्य नाही. मोहरीचा दाणा आहे, पिठात कालवलेले खमीर आहे, शेतात पुरलेली ठेव आहे. सकाळी आलेल्या आणि सायंकाळी आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देणारा मळेवाला आहे. या शेवटच्या दृष्टांतावर आजही वर्गात वाद होतो. आमच्याकडची मुले रोजंदारी जाणतात. त्यांना तो न्याय वाटत नाही. दिवसभर काम न मिळालेल्या मजुराच्या घरीही रात्री तेवढीच भूक असते, हे कोणीतरी बोलते तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होतो.

आता प्रश्न असा, की येणाऱ्या राज्याची ही कल्पना मराठीला खरोखर परकी होती काय? मला तसे वाटत नाही. दिवाळीत भावाला ओवाळताना आमच्या घरच्या बायका इडापिडा टळण्याची आणि बळीचे राज्य येण्याची इच्छा करीत आल्या आहेत. वामनाने पाताळात घातलेल्या राजाचे राज्य परत येवो, ही ती इच्छा. कोणी ती लिहून दिली नाही; पिढ्यान्‌पिढ्या ती तोंडी चालत आली. महात्मा फुल्यांनी या स्मृतीचे मोल ओळखले. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी बळीची कथा उलटून वाचली आणि येशू ख्रिस्ताकडेही पश्चिमेत उदयाला आलेला बळीराजा म्हणून पाहिले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु येशूचे राज्य आणि बळीचे राज्य यांतला धागा त्यांना दिसला, जो अनेक भाषांतरकारांना दिसला नव्हता : दोन्ही राज्ये दीनांची आहेत, दोन्ही गमावलेली वा अडवलेली आहेत आणि दोन्ही यावयाची आहेत.

हाच धागा वेगळ्या वाटेने नारायण वामन टिळकांपर्यंत पोहोचला. कोकणातला जन्म (1861), चित्पावन घराणे, कवित्व, संस्कृतचा व्यासंग आणि अस्वस्थ देशप्रेम असा हा मनुष्य नव्वदीच्या आरंभी नागपुरास होता. 1893 मध्ये राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक तो वाचीत गेले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, खिळून राहिले. त्या प्रवचनाचा आरंभ लक्षात घेण्यासारखा आहे. आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणताना स्वर्गाचे राज्य त्यांचे 'आहे' असे वर्तमानकाळी विधान येते. त्यानंतरची आश्वासने भविष्यकाळी आहेत : सांत्वन मिळेल, तृप्ती होईल. आणि धार्मिकतेसाठी छळ सोसणाऱ्यांविषयी बोलताना पुन्हा 'आहे'. आलेले आणि यावयाचे, असे दोन्ही काळ त्या राज्याला आहेत. विसाव्या शतकात पाश्चात्त्य पंडितांनी याच गोष्टीवर ग्रंथ लिहिले. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1906 मध्ये येशूची दृष्टी लवकरच येऊ घातलेल्या अंताकडे होती असे मांडले, तर सी. एच. डॉड यांनी 1935 मध्ये ते राज्य येशूच्या कार्यात आलेच होते असा पक्ष घेतला. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर दोघांनाही त्या एका उताऱ्यात आधार सापडतो.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत घराने मोजली. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही प्रथम आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. त्यांचे परिवर्तन कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने झाले नाही. विचार करता करता त्यांना वाटले, की जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे. आणि त्यांनी ठरविले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. 'स्मृतिचित्रे'तला हा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटते, की 'राज्य' या शब्दाचा अर्थ येथे घडला. कोण स्वर्गात गेले, हा प्रश्नच उरत नाही. पाण्याच्या भांड्यावर आजवर ज्याची सत्ता होती ती संपली आणि दुसरी आली. बाप्तिस्मा पुढे झाला. राज्य त्याआधी स्वयंपाकघरात आले होते.

टिळकांनी अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, भजने रचली, कीर्तने केली, 'ज्ञानोदया'चे संपादन केले. तथापि त्यांना एक गोष्ट डाचत होती. मिशन म्हणजे पगार, मिशन म्हणजे परक्यांचे व्यवस्थापन, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे आपल्या समाजातून उठून दुसऱ्या आवारात राहावयास जाणे, असे चित्र तयार झाले होते. देवाचे राज्य म्हणजे हे आवार काय? 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्वच शिष्य त्यात यावेत, ही त्यामागची कल्पना. मला हे धाडस कवीचे वाटते. 'दरबार' हा शब्द मराठी माणसाला स्वर्गाकडे पाहावयास लावीत नाही. दरबार कोठे तरी भरतो. तेथे राजा समोर असतो, फिर्याद नेता येते. 'राज्या'तली सत्ता आणि सान्निध्य ही दोन्ही त्या एका शब्दात आली. शंभरेक वर्षांच्या भाषांतरांना जे साधले नाही ते एका संस्थेच्या नावाने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

अर्थात प्रश्न संपला नाही. चर्चचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. बाप्तिस्म्याची रेषा पुसली तर श्रद्धेची जबाबदारी कोणी घ्यायची? जातीतून बाहेर फेकल्या गेलेल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना मिशनचे आवार हेच छप्पर होते. प्रतिष्ठित कवीला ते आवार सोडणे परवडले, त्यांना परवडले असते काय? टिळकांना याचे उत्तर कृतीने देण्याइतका अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार दिवस टिकला नाही. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळा न पाहिलेल्या बाईने महाकाव्य पूर्ण करावे, हेही मोहरीच्या दाण्याच्याच जातीचे.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला उत्तर दिले. मेल्यानंतरच्या जीवनावर ख्रिस्ती श्रद्धा आहेच आणि राज्याची पूर्णता अंती होईल, असेही ती मानते. परंतु येशूच्या तोंडचे राज्य मेल्यावर 'भेटण्या'साठी राखून ठेवलेले नाही, ते येथे यावयाचे आहे. तिचे वडील शेतकरी. आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याला अजून बळीराजा म्हणतात, आणि त्याच वऱ्हाडात कर्जापायी त्याने जीव दिल्याच्या बातम्या गेली पंचवीसएक वर्षे आपण वाचीत आहोत. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "मग ते यायला एवढा उशीर काऊन लागते, सर?"

मार्काच्या शुभवर्तमानात एक लहानसा दृष्टांत आहे. माणूस बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजते, वाढते, कसे ते त्याला कळत नाही. तो मी तिला सांगितला. पेरणीनंतर पावसाची वाट पाहणे काय असते, हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तिने मान हलविली. ती उत्तर पटल्याची होती की वाट पाहण्याची सवय असल्याची, हे मला अजून सांगता येत नाही.