कैरोचे म्हातारे घोडे आणि मृत्युपत्रातला पैसा

आजची गोष्ट कैरोची. १९३० साली डोरोथी ब्रुक ही इंग्रज बाई नवऱ्याच्या नेमणुकीमुळे तिथे पोचली. नवरा घोडदळातला मोठा अधिकारी. रस्त्यावर गाड्या ओढणारे, हाडं वर आलेले घोडे तिने पाहिले आणि काहींच्या अंगावर चक्क ब्रिटिश लष्कराचा बाणाचा डाग! पहिलं महायुद्ध संपल्यावर लष्कराने हजारो घोडे तिथेच विकून टाकले होते. म्हणजे बारा वर्षं ती जनावरं राबतच होती.

१९३१ मध्ये तिने लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिलं. वाचकांनी पैसे पाठवले. तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे तिने विकत घेतले. बहुतेक इतके खंगलेले, की पोटभर चारा देऊन त्यांना शांत मरण देणं एवढंच हातात होतं.

युद्धातले घोडे संपले, पण गरीब गाडीवाल्यांचे होतेच. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये मोफत दवाखाना निघाला. आता बघा, पत्राने पैसा एकदा येतो. दवाखान्याला दरवर्षी लागतो. इथे मृत्युपत्र कामाला येतं. आज 'ब्रुक' संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा असाच येतो. ब्रिटनमध्ये अशा देणगीवर वारसा कर नाही. २०१२ पासून करपात्र मालमत्तेचा किमान १० टक्के भाग धर्मादाय संस्थांना ठेवला, तर उरलेल्यावरचा कर ४० ऐवजी ३६ टक्के लागतो.

आपला पैसा कोणत्या घोड्याच्या कामी आला, हे मृत्युपत्र करणाऱ्याला कधीच कळत नाही. पण १९३१ मध्ये पैसे पाठवणाऱ्यांना तरी कुठे कळलं होतं?